जुन्या आयरिश वृत्तपत्रांतला हा 'जॉन सलिव्हन' नेमका कोणता?

लीकाठची

गेली नऊ वर्षे मी आयर्लंडमधील कॉर्क शहरात राहते. आमच्या शेजारी ऐंशी ओलांडलेल्या एक आजी राहतात. गेल्या महिन्यात त्यांनी बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यातून वृत्तपत्राचे एक कात्रण काढून माझ्या हातात दिले आणि "तुला संगणकातले कळते, तर हे कधीचे आहे तेवढे शोधून दे," असे सांगितले. कात्रण जेमतेम दोन बोटे रुंद आहे. त्यावर ना वृत्तपत्राचे नाव, ना तारीख. मजकूर असा, की पेटी सेशन्समध्ये, म्हणजे किरकोळ गुन्ह्यांच्या स्थानिक न्यायालयात, जॉन सलिव्हन (मायकल) याला विनापरवाना कुत्रा पाळल्याबद्दल दंड झाला. हा जॉन म्हणजे आपले पणजोबा, असे आजींच्या घरात पूर्वापार सांगितले जाते. घराणे पश्चिम कॉर्कमधील आहे. गावाचे नाव मात्र मी मुद्दामच देत नाही, कारण त्यांची मंडळी अजून तिथे नांदत आहेत.

मी उत्साहाने एका सशुल्क वृत्तपत्र संग्रहात 'जॉन सलिव्हन' असे टाकले आणि हजारो नोंदी समोर आल्यावर हात टेकले. याचे कारण नंतर कळले. आयर्लंडचे रजिस्ट्रार जनरल रॉबर्ट मॅथेसन यांनी १८९० सालच्या जन्मनोंदींवरून आडनावांचा अहवाल तयार केला होता. त्यातील अंदाजानुसार मर्फी ६२,६००, केली ५५,९०० आणि तिसऱ्या क्रमांकावर सलिव्हन ४३,६०० होते. मर्फी आणि केली निदान देशभर विखुरलेले आहेत. सलिव्हन मात्र मुख्यतः कॉर्क आणि केरी या दोन परगण्यांत दाटीने राहतात. त्यात जॉन हे नाव घरटी एक. १९०१ च्या जनगणनेत आजींच्या एका पॅरिशमध्येच, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतील गावांतच, मला सात कुटुंबप्रमुख जॉन सलिव्हन सापडले. त्यापूर्वीच्या जनगणनांचा आधार जवळजवळ नाहीच. १८२१ ते १८५१ च्या याद्यांचा बहुतेक भाग ३० जून १९२२ रोजी डब्लिनच्या फोर कोर्ट्समधील अभिलेखागाराला लागलेल्या आगीत गेला आणि १८६१ ते १८९१ च्या याद्या त्याआधीच सरकारने स्वतः नष्ट केल्या होत्या.

कंसातील 'मायकल' हे दृढीकरण संस्काराच्या वेळी घेतलेले दुसरे नाव असावे, असा माझा तर्क आहे. कॅथलिक कुटुंबांत तशी पद्धत आहे. माझा प्रश्न असा, की इतक्या सामान्य नावाच्या माणसाचा वृत्तपत्रांतून माग काढायचा, तर सुरुवात कोणत्या टोकाकडून करावी?

दप्तरदार

मी काही वर्षे डब्लिनच्या किल्डेअर स्ट्रीटवरील राष्ट्रीय ग्रंथालयात मायक्रोफिल्म पाहण्यात घालवली आहेत. त्या अनुभवावरून सांगतो, की नाव बाजूला ठेवा आणि जागा धरा. आयर्लंडमध्ये 'टाउनलँड' नावाचा जमिनीचा सर्वांत लहान विभाग आहे. आपल्याकडील वाडीशी त्याची तुलना करता येईल, पण त्याची हद्द नकाशावर आखलेली असते. असे साठ हजारांहून अधिक टाउनलँड देशभर आहेत. जमीनदाराचा कारकून, पोलीस, पाद्री आणि न्यायालयाचा लेखनिक हे सगळे माणसाला टाउनलँडवरून ओळखत. त्यामुळे शोधपेटीत जॉन सलिव्हन न टाकता टाउनलँडचे नाव टाकावे, आणि तेही तीन-चार वर्तनींनी. ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा खात्याने १८२४ नंतर नावांची वर्तनी ठरवून दिली खरी, पण वार्ताहर कानाला ऐकू येई तसे लिहीत राहिला.

दुसरे असे, की तुमचा माणूस वृत्तपत्राच्या कोणत्या भागात असू शकतो, याचा आधी विचार करावा. जन्म, विवाह आणि मृत्यूच्या स्तंभात दीर्घकाळ जमीनदार, व्यापारी, वकील आणि लष्करी अधिकारी यांचीच वर्दळ असे. लहान कुळाचे नाव छापून येण्याच्या वाटा वेगळ्या होत्या. पेटी सेशन्स, अपमृत्यूची चौकशी, समुद्रात बुडालेल्यांच्या बातम्या, जमिनीवरून हुसकावले जाणे, १८७९ नंतर लँड लीग या कुळांच्या संघटनेच्या शाखांच्या सभा, आणि पुअर लॉ मंडळाच्या, म्हणजे गरिबांच्या मदतीचे काम पाहणाऱ्या स्थानिक मंडळाच्या बैठका. यांत एक खाण बहुतेकांना ठाऊक नसते. १८८१ च्या जमीन कायद्यानंतर लँड कमिशन हे सरकारी मंडळ खंड ठरवून देऊ लागले. त्या निर्णयांच्या याद्या वृत्तपत्रांत छापल्या जात. कुळाचे नाव, जमीनदाराचे नाव, जुना खंड आणि नवा खंड, सगळे ओळीने. ज्याने आयुष्यात कधी भांडण केले नाही आणि जो कधी पाण्यात बुडाला नाही, असा माणूसही त्या याद्यांत भेटतो.

वृत्तपत्राची निवडही महत्त्वाची आहे. १८४१ साली सुरू झालेला 'कॉर्क एक्झॅमिनर' कॅथलिक आणि राष्ट्रीय बाजूचा होता, तर 'कॉर्क कॉन्स्टिट्यूशन' ब्रिटनशी एकीच्या बाजूचा. एकाच घटनेत पहिला कुळांची नावे देई आणि दुसरा जमीनदाराच्या कारभाऱ्याचे नाव देऊन थांबे. दंडाइतकी बारीक बातमी मात्र बहुधा स्थानिक साप्ताहिकातच मिळेल. स्किबरीन गावचा 'ईगल' १८५७ पासून निघत होता. रशियाच्या झारवर आपली नजर आहे, असे बजावणारे प्रसिद्ध वृत्तपत्र ते हेच. झारवर नजर ठेवणाऱ्याच्या नजरेतून विनापरवाना कुत्रा सुटणे अवघड होते.

कात्रणाच्या मागच्या बाजूस काय छापले आहे, हे आपण लिहिले नाही.

खिळेजुळारी

माझे वडील छापखान्यात खिळे जुळवत, त्यामुळे या विषयातील माझे ज्ञान शाईच्या बाजूने आलेले आहे. संगणकाला नाव का सापडत नाही, हे समजण्यासाठी जुने पान कसे तयार होई ते पाहावे लागते. स्तंभ अरुंद असल्यामुळे लांब आडनाव ओळीच्या शेवटी तुटे. 'सलि-' एका ओळीत आणि 'व्हन' पुढच्या ओळीत गेले, की यंत्राच्या लेखी ते आडनाव उरत नाही. जागा वाचवण्यासाठी नावांचे संक्षेप करत. जॉन हा जे-एन-ओ, जेम्स हा जे-ए-एस, विल्यम हा डब्ल्यू-एम आणि पॅट्रिक हा पी-ए-टी-के असा छापला जाई. केवळ 'जॉन' शोधणाऱ्याला यांतील एकही नोंद मिळत नाही.

झिजलेल्या खिळ्यामुळे रोमन 'यू' हा 'एन' सारखा दिसतो, जोडीने आलेले दोन 'एल' मिळून 'एच' वाचले जातात, आणि मायक्रोफिल्म करताना बांधणीच्या घडीत गेलेली अक्षरे तर कायमचीच जातात. अठराव्या शतकातील अंक पाहायचे झाल्यास आणखी एक अडचण येते. त्या काळी शब्दाच्या मध्ये येणारा लांब 'एस' हा 'एफ' सारखा छापत, म्हणून यंत्र 'जोसेफ'चा 'जोफेफ' करून मोकळे होते. हे अक्षर १८०० च्या सुमारास मागे पडले.

यावर माझा उपाय जुनाट आहे. तारीख अंदाजे ठरली, की शोधपेटी बंद करावी आणि अंक पानोपानी डोळ्यांनी वाचावा. साप्ताहिकाचे वर्षाला बावन्नच अंक असतात.

अटकेपार

मला आयर्लंडची काहीच माहिती नाही, म्हणून प्रश्न बाळबोध वाटल्यास क्षमा करावी. 'जॉन सलिव्हन (मायकल)' असे वाचताक्षणी मला तरी ते वडिलांचे नाव वाटले. आपल्याकडे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असे लिहितात, म्हणूनच एका गावात दहा तुकाराम पाटील असले तरी तलाठ्याचे काम अडत नाही. मग तिथे तसे का नसावे?

लीकाठची

अटकेपार, इथे आल्यावर मी सर्वांत आधी हीच सवय मोडली. इथे मधले नाव वडिलांचे नसते. आई-वडिलांनी हौसेने ठेवलेले किंवा एखाद्या संताचे ते नाव असते. माझ्या स्वतःच्या नावातील मधले नाव पाहून कार्यालयात मला दोनदा "हे पुरुषाचे नाव तुम्हाला कसे?" असे विचारले गेले आहे. त्यामुळे आपला तर्क इथे लागू पडेल, असे वाटत नाही.

दप्तरदार, मागच्या बाजूची आठवण दिल्याबद्दल आभार. तिथे एका यादीचा तुकडा आहे. 'जुना खंड' आणि 'न्यायालयीन खंड' अशी दोन शीर्षके अर्धवट दिसतात. म्हणजे कात्रण १८८१ नंतरचे ठरते. कुत्र्यांच्या परवान्याचा कायदा १८६५ चा, म्हणजे परवाने १८६६ पासूनचे. तेवढ्यावरून मी पंधरा वर्षे मागे शोधत बसले असते.

दप्तरदार

लीकाठची, मोडलेली सवय या वेळी पुन्हा जोडा, कारण अटकेपार यांचे म्हणणे बरोबर आहे. मधले नाव आणि कंसातील नाव या दोन निराळ्या गोष्टी आहेत. १८४७ ते १८६४ या काळात प्रसिद्ध झालेले ग्रिफिथचे मूल्यांकन उघडून पाहा. जमीन आणि घरे कोणाच्या ताब्यात आहेत, याची ती देशव्यापी नोंद आहे. एकाच टाउनलँडमध्ये एका नावाचे दोन कुळवाडी असले, की तिथे नावापुढे कंसात काहीतरी भेददर्शक लिहिलेले आढळते. कधी बापाचे नाव, कधी 'तांबडा', कधी धंदा, कधी नुसते 'धाकटा'. न्यायालयाच्या लेखनिकालाही तेच करावे लागे, कारण समन्स चुकीच्या जॉनच्या हाती पडले तर फजिती होई. एरवी वृत्तपत्रे ही टोपणनावे गाळत. न्यायालयाच्या बातमीत मात्र ती टिकतात, म्हणून किरकोळ गुन्ह्यांचे स्तंभ वंशावळ शोधणाऱ्यांना विवाहाच्या स्तंभांपेक्षा अधिक उपयोगी पडतात.

बोलण्यातही हीच रीत होती, आणि ती खेड्यापुरती नव्हती. आयरिश स्वराज्यवादी पुढारी पार्नेल यांच्या पक्षात जॉन ओ'कॉनर नावाचे खासदार होते. त्यांच्या उंचीमुळे त्यांना 'लाँग जॉन' म्हणत. त्यांच्या थोडे आधी जॉन ओ'कॉनर पॉवर हे मेयोचे खासदार होते. त्याच काळात पॅट्रिक ओ'ब्रायन आणि पॅट्रिक जोसेफ ओ'ब्रायन हे दोघे एकाच सभागृहात एकाच पक्षाचे सदस्य म्हणून बसत, शिवाय विल्यम ओ'ब्रायन आणि जेम्स फ्रान्सिस झेवियर ओ'ब्रायन हे होतेच. खासदारांच्या बाबतीत मतदारसंघाचे नाव पाहिल्याशिवाय 'श्री. ओ'ब्रायन म्हणाले' या बातमीचा उलगडा होत नाही, तर विनापरवाना कुत्रा पाळणाऱ्या सलिव्हनची काय कथा?

एकसारखी नावे इतकी का होत, याचेही कारण आहे. थोरल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचे नाव आणि दुसऱ्याला आईच्या वडिलांचे नाव, असा तिथे रिवाज होता. आजोबांचे नाव नातवाला देणे आपल्याला परके नाही. आता एका जॉनला चार मुलगे असतील, तर त्या चौघांच्या थोरल्या मुलांचे नाव जॉनच असणार. हे चार चुलत भाऊ एकाच सुमाराचे, बहुधा शेजारच्या जमिनी कसणारे आणि एकाच चर्चमध्ये जाणारे. त्यांच्यात फरक सांगणारी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे बापाचे नाव.

तेव्हा आजींच्या पणजोबांच्या वडिलांचे नाव काय होते, हा प्रश्न आधी सोडवा. विवाह १८६४ नंतरचा असल्यास सरकारी विवाहनोंदीत वधू आणि वर दोघांच्याही वडिलांची नावे असतात, आणि त्या नोंदींच्या प्रतिमा सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात.

कोकणकडा

मला इथे थोडे वेगळे म्हणायचे आहे. घरातील म्हातारी माणसे चार पिढ्या एक गोष्ट सांगत आली आणि आपण एका कंसाच्या आधारावर ती खोडायला निघालो, हे मला घाईचे वाटते. वार्ताहराने नाव चुकीचे ऐकले असेल. गेलिक बोलणाऱ्या माणसाचे नाव इंग्रजीत लिहिताना तर किती उलथापालथ होत असेल! माझ्या वाचनात आले आहे, की डिअरमिडचा जेरेमाया होई आणि टाइगचा टिमथी. मग मायकल हा खरोखर मायकलच असेल, याची खात्री कोणी द्यावी?

दप्तरदार

शंका रास्त आहे, आणि उदाहरणे आपण दिलीत त्याहून चमत्कारिक आहेत. पश्चिम कॉर्कमध्ये फिनीन या पुरुषनामाचे इंग्रजी रूप 'फ्लॉरेन्स' असे झाले, त्यामुळे जुन्या वृत्तपत्रांत दाढीमिशा असलेले फ्लॉरेन्स भेटतात आणि नवख्या संशोधकाने त्यांना पत्नी किंवा बहीण म्हणून नोंदवलेले असते. गॉबनेट या स्त्रीनामाचे ॲबिगेल होते, तसेच डेबोराही होते. डनखाचा डेनिस आणि कॉन्कूरचा कॉर्नेलियस होतो. मॅथेसन यांनी यासाठी नावांच्या पर्यायी रूपांची वेगळी पुस्तिकाच छापली होती, कारण नोंदणी कारकून त्यांना विचारून विचारून थकले होते.

तरीही मायकल हे नाव या गोंधळात फारसे येत नाही. वार्ताहराच्या कानाविषयी म्हणाल, तर कंसातील नावे त्याने ऐकून लिहिण्यापेक्षा लेखनिकाच्या कागदावरून उतरवून घेतली असण्याची शक्यता अधिक आहे. भर न्यायालयात कोणी कंस उच्चारत नाही.

घरातल्या गोष्टीबद्दल मला आदर आहे. मात्र कात्रण घरात असणे आणि कात्रणातला माणूस घरातला असणे ही दोन विधाने आहेत, आणि आजींच्या पूर्वजांनी यांपैकी पहिलेच निश्चितपणे आपल्या हाती दिले आहे.

खिळेजुळारी

दोन सावधगिरीच्या गोष्टी सांगायच्या राहिल्या. जुन्या इंग्रजी बातम्यांत तारखेपुढे 'इन्स्टंट' किंवा 'अल्टिमो' यांची संक्षिप्त रूपे येतात. पहिल्याचा अर्थ चालू महिना आणि दुसऱ्याचा मागचा महिना. हे न समजल्यामुळे मी एकदा मृत्यूची तारीख बरोबर एक महिना पुढे धरली होती आणि चर्चच्या वहीत नोंद सापडत नाही म्हणून वहीलाच दोष दिला होता.

दुसरे म्हणजे, वृत्तपत्रे एकमेकांच्या बातम्या सर्रास उचलत. पश्चिम कॉर्कमधील बॅन्ट्री गावाजवळच्या घटनेची चार ओळींची बातमी आधी कॉर्कमध्ये, मग डब्लिनच्या 'फ्रीमन्स जर्नल'मध्ये, आणि पुढे कधी थेट बॉस्टन किंवा सिडनीच्या पत्रात उमटे. दर फेरीत तपशील गळत जाई. पहिल्या छापण्यात टाउनलँड असतो, दुसऱ्यात नुसते 'बॅन्ट्रीजवळ', तिसऱ्यात 'कॉर्क परगण्यात'. ही तीन माणसे समजून तीन वेगळ्या वंशावळी उभारलेल्या मी पाहिल्या आहेत. म्हणून बातमी सापडली, की तिचा सर्वांत जुना आणि सर्वांत स्थानिक अवतार शोधावा.

कोकणकडा

बॉस्टनचा उल्लेख निघाला म्हणून विचारते. देशांतर केलेल्यांचा माग काढताना आयर्लंडमधील पत्रांपेक्षा तिकडचीच पत्रे उपयोगी पडतात का?

दप्तरदार

पुष्कळदा पडतात. बॉस्टनच्या 'पायलट' या पत्रात १८३१ ते १९२१ या काळात हरवलेल्या आप्तांच्या शोधाच्या जाहिराती येत. पैसे मोजून छापलेल्या जाहिरातीत माणूस सापडावा हाच हेतू असल्यामुळे परगणा, पॅरिश, अनेकदा टाउनलँड, कोणत्या वर्षी कोणत्या बंदरात उतरला आणि शेवटचा कुठल्या रेल्वेच्या कामावर होता, हे सारे देत. नाव सामान्य असल्याची जाणीव जाहिरात देणाऱ्या बहिणीला आपल्यापेक्षा अधिक होती. बॉस्टन कॉलेजने या जाहिरातींची शोधता येईल अशी सूची केली आहे. ऑस्ट्रेलियाचा 'ट्रोव्ह' आणि न्यूझीलंडचा 'पेपर्स पास्ट' हे दोन्ही संग्रह विनामूल्य आहेत.

आपल्या मुलुखाशीही एक धागा आहे. कंपनीच्या काळातील बॉम्बे युरोपियन पलटण पुढे १०३ वी रॉयल बॉम्बे फ्युझिलियर्स झाली आणि १८८१ मध्ये तीच रॉयल डब्लिन फ्युझिलियर्सची दुसरी बटालियन बनली. लष्करात मात्र प्रत्येक शिपायाला क्रमांक असे, त्यामुळे तिथले जॉन सलिव्हन एकमेकांत मिसळत नाहीत. या प्रकरणात त्याचा उपयोग नाही, कारण आपला जॉन कुत्र्यासह घरीच होता.

लीकाठची

तीन आठवड्यांनी लिहिते आहे. विलंबाबद्दल क्षमस्व.

आधी विवाहनोंद पाहिली. आजींच्या पणजीचे माहेरचे आडनाव त्यांना ठाऊक होते, हे मोठे भाग्य. तिचे आडनाव सलिव्हनइतके सामान्य नसल्यामुळे सात जॉनपैकी योग्य जॉन तिच्या आधाराने दहा मिनिटांत वेगळा झाला. पुरुषाचे नाव शोधून मी महिनाभर दमले आणि काम झाले ते त्याच्या बायकोच्या नावाने. विवाह १८७८ चा. वराच्या वडिलांचे नाव डॅनियल.

मग न्यायालयाच्या नोंदवह्या. पेटी सेशन्सच्या मूळ वह्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत आणि त्यांची सूची एका सशुल्क संकेतस्थळावर आहे. त्या गावच्या न्यायालयात विनापरवाना कुत्र्यांचे खटले इतके आहेत, की पोलिसांना दुसरे काही काम होते की नाही, अशी शंका यावी. १८८१ नंतरची वर्षे एकेक करून पाहताना १८८७ मध्ये आमचा मनुष्य सापडला. वहीत आरोपीच्या राहण्याच्या जागेचा रकाना असतो. तिथे पणजोबांच्या टाउनलँडचे नाव नसून त्याच्या लगतच्या टाउनलँडचे आहे.

तारीख हाती आल्यावर त्या आठवड्याच्या स्थानिक साप्ताहिकाचा अंक पानोपानी वाचला. चौथ्या स्तंभात कात्रणातल्या ओळी जशाच्या तशा आहेत. शोधपेटीत त्या कधीच आल्या नसत्या, कारण आडनाव ओळीच्या शेवटी तुटले आहे. खिळेजुळारी यांना माझा नमस्कार. आजींची समजूत होती, की कात्रण 'सदर्न स्टार'चे आहे, पण तो निघाला १८८९ मध्ये.

पुढे ग्रिफिथचे मूल्यांकन पाहिले. त्या लगतच्या टाउनलँडमध्ये मायकल सलिव्हन आहे आणि पणजोबांच्या टाउनलँडमध्ये डॅनियल सलिव्हन. राष्ट्रीय ग्रंथालयाने २०१५ मध्ये कॅथलिक पॅरिशच्या वह्यांच्या प्रतिमा विनामूल्य खुल्या केल्या. त्यांत डॅनियलच्या दोन अपत्यांच्या बाप्तिस्म्याला धर्मपिता म्हणून मायकल सलिव्हन उभा आहे, आणि मायकलच्या थोरल्या मुलाचे नाव जॉन आहे, जसे डॅनियलच्याही थोरल्याचे.

कोकणकडा

अभिनंदन. परंतु यावरून मायकल आणि डॅनियल सख्खे भाऊ होते, असे म्हणता येईल का? धर्मपिता शेजारीही असू शकतो.

लीकाठची

म्हणता येणार नाही, आणि माझ्या टिपणवहीत मी तसे लिहिलेही नाही. तिथे 'बहुधा भाऊ' असे आहे. दोघांचा बाप्तिस्मा ज्या वर्षांत झाला असेल, त्या वर्षांची त्या पॅरिशची वही उपलब्धच नाही. जमिनी लगतच्या असणे, एकाने दुसऱ्याच्या मुलांचा धर्मपिता होणे आणि दोन्ही घरांत थोरला जॉन असणे हे तिन्ही दुवे एकाच दिशेला बोट दाखवतात, पण तिन्हींना दुसरे स्पष्टीकरणही शक्य आहे. कात्रणातला जॉन हा डॅनियलचा मुलगा नव्हे, एवढे मात्र मी ठामपणे सांगू शकते.

अटकेपार

आजींना हे सांगितले का? त्यांना वाईट वाटले नाही ना?

लीकाठची

काल सांगितले. मी फार जपून, वळणे घेत बोलत होते. सगळे ऐकून घेतल्यावर त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि त्याने दंड भरला होता का, एवढेच विचारले. मी वहीची प्रतिमा पुन्हा उघडून शेवटचा रकाना त्यांना दाखवला. भरला होता.